शाळेत पत्ते आणा, भिडूसकट

ठाणे आणि नवी मुंबईच्या महापालिका शाळांत, आणि खासगी शाळांतही, सहावीपासून पुढच्या मुलांना शाळा सुटल्यावर कॉन्ट्रॅक्ट ब्रिज शिकवावा, असं माझं म्हणणं आहे. पालकसभेत हे बोललं की आधी कुजबुज होते आणि मग कोणीतरी विचारतं, "म्हणजे पत्ते?" हो, पत्तेच. बावन्न पानं, इस्पिक-बदाम-चौकट-किलवर, चार जण, समोरासमोर बसलेले दोन-दोन भिडू. गणपतीच्या जागरणाला आजीपासून नातवापर्यंत सगळे जिथे मेंढीकोटाला बसतात, त्याच घरांना शाळेच्या बाकावर पत्ते दिसले की धसका बसतो. हा धसका पोकळ नाही, म्हणून आधी त्याच्याशीच बोललं पाहिजे.

पत्त्यांपायी धुळीला मिळालेले संसार लोकांनी पाहिलेत. त्यात गेली काही वर्षं मोबाइलवरच्या रमीच्या जाहिरातींनी उच्छाद मांडला होता. नट येऊन सांगायचे की खेळा आणि जिंका, खाली बारीक अक्षरांत जोखमीचा इशारा. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा केला, तोवर किती घरांतली बचत त्यात गेली असेल कोण जाणे. हे सगळं पाहिलेल्या आईला मुलाच्या हातात पत्ते नको वाटले तर मी तिला दोष देणार नाही. तिच्यासमोर सर्वोच्च न्यायालयाचा दाखलाही ठेवणार नाही. १९६७ साली आंध्र प्रदेशातल्या एका खटल्यात न्यायालयाने रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवला आणि रमीतला नशिबाचा भाग ब्रिजच्या वाटपातल्या नशिबासारखाच आहे, असं म्हटलं. कायद्याच्या दृष्टीने ते मोलाचं आहे. पण याच निकालाचा आधार घेऊन पुढे रमीच्या ॲपवाल्यांनी आपली दुकानं थाटली, त्यामुळे पालकाची काळजी त्याने मिटत नाही.

ती मिटते ती ब्रिज प्रत्यक्ष कसा खेळला जातो ते दाखवल्यावर. स्पर्धांमध्ये जो प्रकार चालतो त्याला डुप्लिकेट म्हणतात. पानं एकदाच वाटायची. खेळताना आपलं पान मधे टाकायचं नाही, स्वतःसमोरच ठेवायचं. हात आपल्या बाजूने झाला तर उभं, गेला तर आडवं. डाव संपला की प्रत्येकाची तेरा पानं जशीच्या तशी चार कप्प्यांच्या एका फळीत जातात आणि ती फळी पुढच्या टेबलावर सरकते. तिथले चौघे नेमकी तीच पानं खेळतात. शेवटी गुण मोजताना तुमची तुलना समोरच्या जोडीशी होतच नाही. ती होते दुसऱ्या टेबलांवर तुमच्याच जागी बसून तुमचीच पानं खेळलेल्या जोड्यांशी.

यातून काय होतं, ते मुलांमध्ये बसल्याशिवाय कळत नाही. एका मुलीला एक गुलाम आणि बाकी सगळी फुसकी पानं आली. ती तोंड पाडून बसली. डावात तिच्या बाजूला मोजून चारच हात मिळाले. मग निकाल लावला तेव्हा दिसलं की त्याच पानांवर बाकीच्या टेबलांवर कोणाला तीन मिळालेत, कोणाला दोनच. म्हणजे त्या डावात ती जोडी पहिली आली होती. हातात काय आलं यात आपला काही हात नसतो, आणि मोजमाप हे लक्षात घेऊनच केलं जातं, अशी जागा आपल्या मुलांना दुसरीकडे कुठे मिळते? लोकमान्य नगरच्या चाळीतला मुलगा आणि घोडबंदर रोडवरच्या टॉवरमधला मुलगा एकाच गुणपत्रिकेच्या रांगेत उभे राहतात, आणि कोणाला कोणती पानं वाटली गेली होती हे कोणी विचारत नाही. डुप्लिकेट हे विचारतो. नशीब इतक्या कसोशीने बाजूला काढणाऱ्या खेळात जुगाऱ्याला हाती लागण्यासारखं फार काही उरत नाही. क्लबांमधून रबर ब्रिज, म्हणजे फळ्या न फिरवता एकाच टेबलावर खेळायचा जुना प्रकार, पैसे लावून खेळला जातो हे खरं आहे, म्हणून शाळेतला नियम पहिल्या दिवसापासून कडक हवा: पैसा नाही, चॉकलेट नाही, शेंगदाणेसुद्धा नाहीत.

आता दुसऱ्या बाजूच्या लोकांकडे वळतो. हे ब्रिजचे चाहते, माझेच मित्र. ते म्हणतात, पालकांना सांगा की ब्रिजने गणित सुधारतं, एकाग्रता वाढते, स्कॉलरशिपला फायदा होतो. मी हे सांगणार नाही, आणि त्यांनीही सांगू नये. बुद्धिबळाच्या बाबतीत नेमकं हेच सांगितलं गेलं होतं. इंग्लंडमध्ये शंभर प्राथमिक शाळा घेऊन याची रीतसर चाचणी झाली. २०१६ साली एज्युकेशन एन्डाउमेंट फाउंडेशनने तिचा निकाल प्रसिद्ध केला. बुद्धिबळ शिकलेल्या आणि न शिकलेल्या मुलांच्या गणितात वर्षभरानंतर फरक दिसला नाही. त्यामुळे बुद्धिबळ वाईट ठरत नाही. बुद्धिबळ शिकल्याने बुद्धिबळ येतं, आणि ते पुरेसं आहे. आपल्याकडे मात्र प्रत्येक सोसायटीच्या फाटकावर अबॅकस, वैदिक गणित, बुद्धिबळ, रोबोटिक्सचे फलक लागलेत आणि सगळ्यांवर एकच आश्वासन आहे: मार्क वाढतील. त्या फलकांत आणखी एकाची भर घालायची असेल तर ब्रिज शाळेत न आलेलाच बरा.

मला ब्रिज हवा आहे तो भिडूसाठी.

आपल्या मुलांचा दिवस आठवा. वर्गात शेजारच्याचं पाहायचं नाही. गृहपाठ आपला आपण. क्लासला टेस्ट सिरीज, तिथे रँक. संध्याकाळी बुद्धिबळ, तेही एकट्याने. नेरूळहून किंवा कळव्याहून निघालेलं मूल दिवसभर माणसांच्या गर्दीत असतं, पण डोक्याने जे काही करतं ते एकटंच करतं. मैदानी खेळांत संघ असतो, म्हणून मी मैदानाच्या बाजूने नेहमीच बोलेन. पण विचार करण्याच्या कामात दुसऱ्या माणसावर विसंबायचं, त्याच्या डोक्यात काय चाललंय याचा अंदाज घ्यायचा, आपल्या डोक्यातलं त्याला कळेल असं सांगायचं, हे शिकवणारा तास आपल्या वेळापत्रकात नाही. ब्रिजमध्ये तेवढंच करायचं असतं.

तेरा पानं हातात घेतली की मूल गुण मोजतं: एक्क्याचे चार, राजाचे तीन, राणीचे दोन, गुलामाचा एक. सगळे मिळून चाळीस. मग बोली, म्हणजे कोणता हुकूम ठेवून सहाच्या वर किती हात करू ते आधी सांगणं. 'एक किलवर'पासून 'सात बिनहुकूम'पर्यंत एकूण ३५ बोल्या आहेत, शिवाय पास, डबल आणि रिडबल. एवढ्याच शब्दांत समोरच्या भिडूला सांगायचं की माझ्याकडे जोर किती आहे, लांब रंग कोणता आहे, तुझा रंग मला चालतो की नाही. डोळे मिचकावायचे नाहीत, सुस्कारा टाकायचा नाही, 'दोन बदाम' हे मोठ्याने आणि 'पास' हे रडवेल्या आवाजात म्हणायचं नाही. तेरा पानांची गोष्ट सातआठ शब्दांत बसवायची म्हणजे काय सांगायचं आणि काय सोडायचं हे ठरवावं लागतं. कोकणातल्या घरांत तीनशे चार हा पत्त्यांचा डाव खेळलेल्यांना बोली आणि हुकूम नवीन नाहीत. आपल्या आजोबांना ही गंमत माहीत होती. ब्रिजने ती पुष्कळ खोल नेली. १९२५ साली हॅरॉल्ड व्हँडरबिल्टने गुणांची जी पद्धत बसवली तिचं मर्म असं, की गेमचं, म्हणजे ठरावीक गुणांएवढ्या मोठ्या बोलीचं, बक्षीस आधी तेवढं बोललेल्यालाच मिळतं. जास्त हात केलेत पण बोलला नव्हतात, तर किरकोळ गुण. बोललात आणि झाले नाहीत, तर दंड. त्यामुळे दोघांना मिळून आपली कुवत आधी नेमकी ओळखावी लागते. बढाई मारली तरी तोटा, भ्यायलात तरी तोटा.

मला सर्वांत जास्त आवडणारा नियम पुढेच आहे. भिडूशी बोलायची जी भाषा तुम्ही ठरवली असेल, ती गुप्त ठेवता येत नाही. 'दोन किलवर' या बोलीला तुमच्या जोडीत काही वेगळा अर्थ असेल, तर प्रतिस्पर्ध्याने विचारल्यावर तो सांगावाच लागतो; कित्येकदा न विचारताही इशारा द्यावा लागतो की ही बोली साधी नाही. आपली पानं लपवायची, पण आपला संकेत लपवायचा नाही. बारा वर्षांच्या मुलांना हे पहिल्यांदा सांगितलं की त्यांना ते अन्यायाचं वाटतं. "मग आपण त्यांना का सांगायचं?" या प्रश्नावर वर्गात जो वाद होतो तो नागरिकशास्त्राच्या कोणत्याही धड्यापेक्षा मला मोलाचा वाटतो. कोणी म्हणेल, मोठे खेळाडूसुद्धा लबाडी करतातच. करतात. २०१५ साली जगातल्या काही अव्वल जोड्या चोरट्या खुणा केल्याच्या आरोपांत सापडल्या आणि ब्रिजचं जग हादरलं. त्यात नॉर्वेच्या बोये ब्रोगेलांडने पुढाकार घेतला. आरोप झालेल्यांपैकी एक जोडी पूर्वी त्याच्याच संघात होती आणि त्या जोडीबरोबर मिळवलेली विजेतेपदं त्याने सोडून दिली. मुलांना हेही सांगावं. खेळ स्वच्छ आहे असं भासवण्यापेक्षा तो स्वच्छ ठेवायला काय सोडावं लागतं हे त्यांना कळू दे.

गणिताबद्दल मी मार्कांचं आश्वासन देणार नाही म्हटलं, पण ब्रिजमध्ये गणित नाही असं नाही. ते भरपूर आहे आणि ते मुलांच्या गरजेतून येतं. समजा आपल्या दोघांकडे हुकमाची नऊ पानं आहेत. बाहेर चार राहिली. ती प्रतिस्पर्ध्यांत कशी वाटली गेली असतील? सगळी मुलं एकमुखाने सांगतात: दोन-दोन. फळ्यावर मांडायला लावावं. चार पानं दोघांत ठेवण्याच्या सोळा तऱ्हा होतात. त्यांतल्या सहा दोन-दोनच्या, आठ तीन-एकच्या, आणि दोन अशा की चारही एकाकडेच. वर्ग चमकतो. मग एखादं मूल शंका काढतं की प्रत्येकाच्या हातात तेराच जागा आहेत, एक पान इकडे गेलं की इकडची एक जागा कमी झाली. बरोबर, म्हणून खरा हिशोब थोडा सरकतो: दोन-दोन सुमारे ४०.७ टक्के, तीन-एक ४९.७, चार-शून्य ९.६. संभाव्यतेचं प्रकरण दहावीत येतं आणि ठरावीक उदाहरणांवर आटोपतं. इथे सहावीतला मुलगा पुढचं पान कोणतं टाकायचं हे ठरवण्यासाठी ते वापरतो, आणि चुकलं तर लगेच भोगतो.

आता अडचण. मुलांना ब्रिज शिकवण्यातली खरी अडचण नियम नाहीत. भिडूवर चिडणं ही आहे. ज्याने बोली जिंकली तो एकटा खेळतो, त्याचा भिडू आपली सगळी पानं उघडी मांडून डमी होतो आणि डाव संपेपर्यंत गप्प बसतो. आपली चांगली पानं दुसरा उधळतोय हे बघत गप्प बसणं मोठ्या माणसांना जमत नाही. ब्रिजच्या टेबलावर नवराबायकोची भांडणं व्हावीत यात नवल नाही. मुलं तर रडतात, पानं फेकतात, "ह्याच्याबरोबर मी नाही खेळणार" म्हणतात. शिक्षकाची कसोटी इथे लागते. डाव चालू असताना भिडूला बोल लावायचा नाही, आणि डावानंतर पहिलं वाक्य भिडूच्या एखाद्या चांगल्या खेळीबद्दल असावं, हे दोन नियम मी तरी हट्टाने पाळायला लावतो. जोड्या दर आठवड्याला बदलाव्यात. सेमी-इंग्रजीची मुलगी मराठी माध्यमाच्या मुलाबरोबर, हुशार समजला जाणारा मागच्या बाकावरच्याबरोबर. पहिल्या महिन्यात यावर तक्रारी येतात, पालकांच्याही. त्या ऐकून घ्याव्यात आणि जोड्या तरीही बदलाव्यात.

सुरुवात पूर्ण ब्रिजने करू नये. युरोपात त्यासाठी मिनीब्रिज नावाचा सोपा प्रकार रुळला आहे. त्यात बोली नसते. चौघे आपापले गुण जाहीर करतात. चार आकड्यांची बेरीज चाळीस आली नाही तर कोणीतरी चुकलं, पुन्हा मोजा. ज्या बाजूचे गुण जास्त, ती खेळते. त्यांतला जास्त गुणांचा खेळाडू भिडूची पानं उघडी पाहून हुकूम आणि लक्ष्य ठरवतो. पहिल्याच दिवशी मुलं खरा डाव खेळतात. चारसहा महिने हे केल्यावर बोली आणली की मुलं स्वतःच ती मागत असतात, कारण भिडूची पानं न बघता ठरवायचं कसं, हा प्रश्न तोवर त्यांना पडलेला असतो. आपल्याकडचे अनुभवी खेळाडू शिकवायला बसले की पहिल्याच तासाला पंधरा संकेत सांगतात आणि दुसऱ्या तासाला मुलं येत नाहीत.

जागा आणि वेळ आहेत. जून ते सप्टेंबर ठाण्यात आणि नवी मुंबईत मैदानं चिखलात असतात; शाळा सुटल्यावर मुलं एकतर क्लासला जातात किंवा घरी मोबाइलवर. निदान हे चार महिने मैदान आणि ब्रिज यांचं भांडण नाही, आणि पाऊस ओसरल्यावर मुलं बाहेर पळाली तर पळू द्यावीत. राष्ट्रीय शिक्षण धोरणाने सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना सांगितले आहेत, राज्यात आनंददायी शनिवार आहे. ओळख करून द्यायला तेवढं पुरेल, पुढचं शाळेनंतर. खर्च नावाला आहे. चार मुलांमागे पत्त्यांचा एक जोड, फळीऐवजी चार पाकिटं, बोली दाखवायच्या कार्डांच्या डब्यांऐवजी एक कागद, ज्यावर चौघं आळीपाळीने लिहितात.

माणसांची गोष्ट वेगळी. २००५ च्या सुमारास बिल गेट्स आणि वॉरन बफे यांनी अमेरिकेतल्या शाळांत ब्रिज पोचवण्यासाठी दहा लाख डॉलर देऊ केले होते. तरीही तिथल्या शाळांत ब्रिज सर्रास दिसू लागला नाही. पैशाने पत्ते येतात. दर मंगळवारी न चुकता येणारा माणूस येत नाही. इथे मला आपली शहरं नशीबवान वाटतात. नौपाड्यात, वाशीत, बेलापूरला बँकेतून, रेल्वेतून, अणुशक्ती केंद्रातून निवृत्त झालेली, ब्रिज किंवा निदान तीनशे चार मुरलेली माणसं आहेत. जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत २०१८ साली ब्रिज पहिल्यांदाच आला आणि प्रणब बर्धन व शिबनाथ सरकार यांनी जोडीचं सुवर्णपदक आणलं, तेव्हा बर्धन साठ वर्षांचे होते. हांगझोउला झालेल्या पुढच्या स्पर्धेत पुरुष संघाने रौप्य मिळवलं. बातम्यांमध्ये वयाचं कौतुक झालं. मला त्यात काळजी दिसली. सोळा वर्षांखालच्यांसाठीही जागतिक स्पर्धा होतात, आणि आपल्या बहुतेक मुलांनी ब्रिज खेळताना कोणाला पाहिलेलंही नसतं.

म्हणून निवृत्तांना बोलवावं, पण वर्ग त्यांच्यावर सोपवून मोकळं होऊ नये. शाळेचा एक शिक्षक खोलीत हवाच, आणि त्याने मुलांबरोबरच शिकावं. त्याला न येणारी गोष्ट मुलांसमोर शिकताना मुलं पाहतात, याचा फायदा वेगळाच. बाहेरच्या क्लासवाल्यांना शाळेत शुल्क घेऊन हे चालवायला देऊ नये; दिलं तर वर्षभरात ब्रिजच्याही लेव्हल आणि प्रमाणपत्रं निघतील. क्रीडागुणांची मागणीही पहिली काही वर्षं कोणी करू नये. गुण आले की क्लास येतात, आणि भिडू पुन्हा स्पर्धक होतो.

महापालिकांकडे मागणं छोटं आहे. दोन्ही शहरांनी येत्या जूनमध्ये आपल्या निवडक शाळांत आठवड्यातून दोन दिवस, शाळा सुटल्यावर तासभर, एक खोली उघडी ठेवावी. कळवा आणि घणसोलीपासून सुरुवात करावी, कारण जिथे पालकांना क्लासचं शुल्क परवडतं तिथे मुलांना काही ना काही मिळतंच. पहिल्या वर्षी करंडक नको, उद्घाटन नको, नगरसेवकाचा फोटो नको. वर्षाच्या शेवटी ठाण्याच्या आणि नवी मुंबईच्या मुलांना एका शनिवारी एका सभागृहात बसवावं, त्याच फळ्या सगळ्या टेबलांवर फिरवाव्यात, आणि प्रत्येक जोडीत एक मूल ठाण्याचं, एक नवी मुंबईचं असावं.